काठी, पेटी आणि पुरलेले सोने : गुप्तधनाच्या शोधसाधनांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

जमिनीत पुरलेले धन सापडल्यास ते कोणाचे, या प्रश्नाचा विचार भारतीय राज्यशास्त्राने फार पूर्वी केलेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रानुसार खाण, रत्न किंवा निधी यांची वार्ता राजाला देणाऱ्यास सहावा हिस्सा मिळावा, वार्ता देणारा राजसेवक असल्यास बारावा हिस्सा मिळावा आणि एक लाखापेक्षा अधिक मूल्याचा निधी राजाकडे जावा, अशी व्यवस्था होती. ब्रिटिश अमदानीत १८७८ साली निखात निधीविषयीचा कायदा झाला. त्यानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचे पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे बंधनकारक ठरले. कायद्याने धनाच्या मालकीचा निवाडा केला. धन शोधावे कसे, याविषयी मात्र कायदा बोलत नाही. ती जागा लोकसमजुतींनी भरून काढली. महाराष्ट्रात पायाकडून जन्मलेल्या म्हणजे पायाळू व्यक्तीच्या डोळ्यांत विशिष्ट अंजन घातले असता तिला भूमिगत धन दिसते, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. पाण्याच्या शोधासाठी पाणाड्या हातात बेचक्याची फांदी किंवा तळहातावर नारळ घेऊन शेतातून फिरतो, हे दृश्य ग्रामीण भागास अपरिचित नाही.

युरोपात या दोन्ही कामांसाठी, आणि विशेषतः धातूंच्या शोधासाठी, बेचक्याच्या आकाराची काठी वापरली गेली. इंग्रजीत या विद्येस 'डाउझिंग' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्या काठीस 'शोधकाठी' अशी संज्ञा योजिली आहे. विसाव्या शतकात या काठीला विद्युत पेटी जोडली गेली आणि सोने दुरूनच दाखविणारे यंत्र म्हणून ती विकली जाऊ लागली. काठीपासून पेटीपर्यंतचा हा प्रवास कसा घडला, खरे धातुशोधक यंत्र आणि ही पेटी जोडलेली काठी यांत नेमका भेद कोणता, आणि तो भेद न ओळखल्याची किंमत समाजाला कोणत्या स्वरूपात मोजावी लागली, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

खाणीतील काठी

शोधकाठीच्या वापराचे सर्वांत महत्त्वाचे प्रारंभिक वर्णन गेओर्गियुस अ‍ॅग्रिकोला याच्या 'दे रे मेटालिका' या लॅटिन ग्रंथात आढळते. अ‍ॅग्रिकोला हा व्यवसायाने वैद्य होता. बोहेमियातील योआखिम्सथाल या खाणींच्या गावी त्याने काही वर्षे काम केले. त्याचा हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १५५६ साली प्रसिद्ध झाला. १९१२ साली हर्बर्ट हूव्हर आणि लू हेन्री हूव्हर या दांपत्याने त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. पेशाने खाण अभियंता असलेले हे हूव्हर पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले.

ग्रंथाच्या दुसऱ्या भागात अ‍ॅग्रिकोलाने तत्कालीन खाणकामगारांची पद्धत नोंदविली आहे. हेझलच्या झाडाची बेचकी फांदी दोन्ही मुठींत धरून डोंगरउतारावरून चालत जायचे. धातूच्या शिरेवर पाऊल पडताच फांदी वळते, असा समज होता. त्यातही प्रत्येक धातूसाठी काठी वेगळी होती. चांदीसाठी हेझल, तांब्यासाठी अ‍ॅश, शिसे व कथिल यांसाठी पाइन आणि सोन्यासाठी लोखंड किंवा पोलाद यांची काठी वापरली जात असे. प्रत्येक धातूशी एखाद्या वस्तूचे गूढ नाते असते, या तत्कालीन कल्पनेचे हे प्रतिबिंब होय. हा तपशील लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण चार शतकांनंतर हीच कल्पना यंत्राच्या खटक्याच्या रूपाने पुन्हा अवतरलेली दिसते.

अ‍ॅग्रिकोलाने या पद्धतीची बाजू आणि तिच्यावरील आक्षेप असे दोन्ही मांडले आहेत. काठी सर्वांच्याच हाती का वळत नाही, या प्रश्नाला तिच्या समर्थकांपाशी उत्तर तयार होते. धातूच्या शक्तीला अडथळा करणारा काही गुण त्या विशिष्ट व्यक्तीच्या अंगी असतो, असे ते सांगत. याचा अर्थ काठी वळली तर श्रेय काठीचे आणि न वळली तर दोष धरणाऱ्याचा. अ‍ॅग्रिकोलाचा स्वतःचा निष्कर्ष मात्र स्पष्ट होता. भूमीवरील नैसर्गिक खुणा वाचता येणाऱ्या जाणत्या खाणकऱ्यास या काठीची गरज नाही, असे त्याने बजावले. ज्या ग्रंथातून ही काठी युरोपभर परिचित झाली, त्याच ग्रंथाने ती निरुपयोगी ठरविली होती, ही बाब इतिहासाच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे.

काठीची परीक्षा

सतराव्या शतकात काठी खाणीतून बाहेर पडून नगरात आली. १६३४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी या प्रसिद्ध धर्मस्थानाच्या आवारात पुरलेले धन शोधण्याचा एक प्रयत्न झाला. या घटनेची हकिकत त्या प्रयत्नात सहभागी असलेला ज्योतिषी विल्यम लिली याने आपल्या आत्मचरित्रात दिली आहे. मोहिमेचा प्रवर्तक डेव्हिड रॅम्से हा राजाचा घड्याळजी होता आणि १६३१ च्या सनदेनुसार लंडनच्या घड्याळकारांच्या संघाचा पहिला प्रमुखही होता. काही धन सापडल्यास आपणास वाटा मिळावा, या अटीवर तेथील मुख्य धर्माधिकाऱ्याने संमती दिली होती. रात्री हेझलच्या काठ्या घेऊन मंडळी आवारात फिरली. एका ठिकाणी काठ्या वळल्या, तेथे सुमारे सहा फूट खणले, तेव्हा एक शवपेटी लागली. ती फारशी जड नसल्याने न उघडताच तशीच ठेवण्यात आली. पुढे मंडळी मंदिरात शिरताच प्रचंड वारा सुटला, काठ्या हलेनात आणि सर्वांची भीतीने गाळण उडाली.

या प्रसंगातील विसंगती बोलकी आहे. त्या काळातील सर्वांत काटेकोर यंत्र म्हणजे घड्याळ. ते बनविणाऱ्या कारागिरांचा अग्रणी स्वतःच काठी घेऊन धन शोधीत होता. यंत्राचे ज्ञान माणसाला काठीच्या मोहापासून आपोआप वाचवीत नाही, हे यावरून दिसून येते.

दुसरी घटना फ्रान्समधील आहे. १६९२ साली लियों येथे एका मद्यविक्रेत्याचा व त्याच्या पत्नीचा खून झाला. अधिकाऱ्यांनी झाक आयमार या शेतकऱ्यास पाचारण केले. काठीच्या साहाय्याने तो गुन्हेगारांच्या मागावर निघाला आणि बोकेर येथील तुरुंगात त्याची काठी एका कुबड्या तरुणापुढे वळली. त्या तरुणाने गुन्ह्यातील सहभाग कबूल केला व त्यास देहान्त शासन झाले. आयमारची कीर्ती पॅरिसपर्यंत पोहोचली आणि कोंदेच्या राजपुत्राने त्याची परीक्षा घेतली. बागेत खड्डे खणून त्यांत सोने, चांदी, तांबे, दगड अशा वस्तू पुरण्यात आल्या. सोन्याचांदीवर काठी हलली नाही. ती हलली दगडांवर. कोठे काय पुरले आहे हे धरणाऱ्यास कळू न देता घेतलेल्या चाचणीचे हे एक आरंभीचे उदाहरण होय. १७०१ साली रोमच्या धर्मन्यायालयाने गुन्हेगार शोधण्यासाठी काठीचा वापर करण्यास मनाई केली.

काठी का हलते?

आयमारच्या अपयशाने काठीचा अंत झाला नाही. तिच्या समर्थकांनी प्रत्येक युगातील प्रतिष्ठित विज्ञानाची भाषा उसनी घेतली. १६९३ साली व्हालमों या धर्मोपदेशकाने काठीवर स्वतंत्र ग्रंथ लिहून तिच्या हालचालीचा संबंध धातूतून व माणसांतून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांशी जोडला. कणवाद हा तेव्हाच्या निसर्गतत्त्वज्ञानाचा परवलीचा शब्द होता. १७८० च्या दशकात पियेर थुव्हनेल या फ्रेंच वैद्याने हीच हालचाल विजेच्या साहाय्याने स्पष्ट केली, कारण तेव्हा विजेचे आकर्षण शिगेला पोहोचले होते. काठी तीच राहिली, स्पष्टीकरण मात्र काळानुसार बदलत गेले.

खरे स्पष्टीकरण एकोणिसाव्या शतकात पुढे आले. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजेन शेव्हरल याने लोलकावर प्रयोग करून असे दाखविले की, पाहणाऱ्याच्या मनात हालचालीची अपेक्षा असेल तर हाताचे स्नायू नकळत सूक्ष्म हालचाल करतात आणि लोलक त्या दिशेने झुलतो. डोळे बांधले असता ही हालचाल थांबते. १८३३ साली हे निरीक्षण प्रसिद्ध झाले आणि १८५४ साली शेव्हरलने शोधकाठीचाही त्यात समावेश करून ग्रंथ लिहिला. दरम्यान १८५२ साली विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने कल्पनेने प्रेरित होणाऱ्या या अनैच्छिक हालचालीस स्वतंत्र शास्त्रीय संज्ञा दिली होती.

या स्पष्टीकरणाच्या प्रकाशात काठीची रचना अर्थपूर्ण ठरते. बेचकी फांदी दोन्ही हातांनी ताणून धरली की ती अस्थिर समतोलात राहते. मनगटाच्या किंचित वळणाने ती झटक्यासरशी खाली येते. काटकोनात वाकविलेल्या दोन तारांचेही तसेच आहे. मूठ केसभर कलली तरी तार वळते. हाताची लहानशी हालचाल मोठी करून दाखविणारे हे साधन आहे. म्हणून धरणारा बहुतांशी प्रामाणिक असतो. काठी आपण हलविली नाही, असे त्याला मनोमन वाटते. आणि या प्रामाणिकपणामुळेच काठीवरील श्रद्धा टिकून राहते.

विसाव्या शतकात जर्मनीत सरकारी अर्थसाहाय्याने या विद्येची विस्तृत तपासणी झाली. १९८७-८८ मध्ये म्युनिक येथे सुमारे ५०० इच्छुकांतून ४३ जणांची निवड करून ८४३ चाचण्या घेण्यात आल्या. दुमजली कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याची नळी सरकविली जाई आणि वरच्या मजल्यावरील व्यक्तीने तिची जागा सांगावयाची असे. काही मोजक्या व्यक्तींत खरे कौशल्य दिसते, असा निष्कर्ष प्रयोगकर्त्यांनी काढला. जे. टी. एनराइट या शास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात त्याच आकडेवारीची फेरतपासणी केली. दहा मीटरच्या रेषेवर प्रत्येक वेळी डोळे मिटून मध्यबिंदू सांगितला असता जेवढी चूक झाली असती, तिच्यापेक्षा सर्वोत्तम पाणाड्याची चूक सरासरीने केवळ चार मिलिमीटरने कमी होती.

खऱ्या यंत्राचा जन्म

जमिनीतील किंवा शरीरातील धातू विजेच्या साहाय्याने शोधता येतो, ही कल्पना मात्र पूर्णतः वैज्ञानिक आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. शरीरातील गोळीचे स्थान कळेना, तेव्हा दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी तारेची वेटोळी आणि दूरध्वनीचा श्रवणभाग जोडून एक साधन सिद्ध केले. वेटोळ्याजवळ धातू आला की ध्वनी बदलत असे. अन्य चाचण्यांत यशस्वी ठरलेले हे साधन राष्ट्राध्यक्षांच्या बिछान्यापाशी मात्र अपयशी ठरले. बिछान्यातील पोलादी स्प्रिंगांमुळे ध्वनी गोंधळला, हे त्याचे एक कारण होते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. गोळी उजव्या बाजूस आहे, असा प्रमुख डॉक्टरांचा ठाम ग्रह होता आणि त्यांनी तीच बाजू तपासू दिली. १९ सप्टेंबर रोजी गारफील्ड यांचे निधन झाले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूस आढळली. खरे यंत्रसुद्धा पूर्वग्रहाच्या हाती पडल्यास मुके होते, याचा हा ठळक दाखला होय.

१९३० च्या दशकात गेरहार्ड फिशर या जर्मनीहून अमेरिकेत आलेल्या अभियंत्याने सुटसुटीत धातुशोधक यंत्र बाजारात आणले व १९३७ साली त्याचे पेटंट मिळविले. दुसऱ्या महायुद्धात यूझेफ कोसात्स्की या पोलिश सैन्याधिकाऱ्याने भूसुरुंग शोधणारे यंत्र सिद्ध केले. त्याने त्याचे पेटंट न घेता ते ब्रिटिश सैन्यास दिले. १९४२ च्या अल अलामीनच्या लढाईत अशी सुमारे ५०० यंत्रे वापरली गेली. युद्धानंतर शिल्लक राहिलेली यंत्रे हौशी शोधकांच्या हाती आली आणि धनशोधाचा नवा छंद रुजला.

या यंत्राचे कार्य साधे आहे. वेटोळ्यातून वाहणारा बदलता विद्युतप्रवाह भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. त्या क्षेत्रात धातू आल्यास त्यात भोवरा प्रवाह उत्पन्न होतात. त्या प्रवाहांचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र वेटोळ्यापर्यंत परत येते व यंत्र तेवढेच मोजते. या कार्यपद्धतीतूनच यंत्राच्या मर्यादाही निष्पन्न होतात. अंतर वाढत जाते तसा हा प्रतिसाद अतिशय वेगाने क्षीण होतो. म्हणून एकटे नाणे साधारणतः वीतभर खोलीपर्यंतच कळते; मोठी वस्तू त्याहून काहीशी खोल कळते. तसेच सोने म्हणून सोन्याची स्वतंत्र खूण यंत्राजवळ नसते. यंत्र धातूची वाहकता, आकार आणि आकारमान यांचा एकत्रित परिणाम नोंदविते. म्हणून सोन्याची अंगठी आणि अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा यांत त्याची गल्लत होऊ शकते.

अशा मर्यादित यंत्रानेच खरे सोने सापडले आहे. १९८० साली ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात २७ किलोग्रॅमहून अधिक वजनाचा सोन्याचा नैसर्गिक गोळा अशा यंत्राने सापडला. तो पृष्ठभागापासून केवळ काही इंच खाली होता. जुलै २००९ मध्ये इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यातील एका शेतात अँग्लो-सॅक्सन काळातील पाच किलोग्रॅमहून अधिक सोने मिळाले. १९९६ च्या तेथील कायद्यानुसार त्या साठ्याची किंमत सुमारे ३२ लाख ८५ हजार पौंड ठरविण्यात आली आणि ती शोधणारा व शेतमालक यांना विभागून देण्यात आली. हे दोन्ही शोध यंत्राच्या मर्यादेच्या आत घडले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

पेटी जोडलेली काठी

जेथे खऱ्या यंत्राची मर्यादा संपते, तेथून पेटी जोडलेल्या काठीचा व्यापार सुरू होतो. शेकडो मीटर दूरचे आणि कित्येक मीटर खोल असलेले सोने आपण दाखवितो, असा दावा 'लाँग रेंज लोकेटर' या नावाने विकल्या जाणाऱ्या साधनांबाबत केला जातो. यांची सामान्य रचना अशी असते : मुठीवर मोकळेपणाने फिरणारी धातूची काडी, तिला तारेने किंवा पट्ट्याने जोडलेली पेटी आणि पेटीवर सोने, चांदी, तांबे असे पर्याय निवडण्याचा खटका. प्रत्येक पदार्थाची स्वतःची कंपनसंख्या असते व ती जुळविली की काडी त्या दिशेस वळते, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात जमिनीत पडून राहिलेले सोने आपली ओळख सांगणारी कोणतीही लहर दूरवर पाठवीत नाही. सोन्यासाठी पोलादाची आणि चांदीसाठी हेझलची काठी घेणारा सोळाव्या शतकातील खाणकरी आणि खटका 'सोने' या खुणेवर आणणारा आधुनिक शोधक यांची विचारपद्धती एकच आहे.

कंपनसंख्येच्या या कल्पनेला लोकप्रियता मिळवून देण्यात सॅन फ्रान्सिस्कोतील डॉक्टर अल्बर्ट अब्राम्स याचा मोठा वाटा होता. प्रत्येक रोगाची विशिष्ट कंपने असतात आणि आपल्या यंत्रपेटीने ती ओळखता व दुरुस्त करता येतात, असा त्याचा दावा होता. पेट्या भाड्याने दिल्या जात आणि त्या उघडून पाहावयाच्या नाहीत, अशी अट घातली जाई. १९२३-२४ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' या नियतकालिकाने नेमलेल्या समितीने चौकशी करून हे दावे निराधार ठरविले. परंतु 'न उघडावयाची पेटी' ही युक्ती टिकून राहिली. पूर्वी काठीचे रहस्य धरणाऱ्याच्या अंगच्या गुणात होते. आता ते बंद पेटीत गेले.

१९९० च्या दशकात अमेरिकेत 'क्वाड्रो ट्रॅकर' नावाचे साधन विकले गेले. प्लॅस्टिकच्या मुठीवर फिरणारी काडी, असे त्याचे स्वरूप होते. हरवलेले गोल्फचे चेंडू शोधून देणारे खेळणे म्हणून याच घडणीचे साधन विकले जात होते. पुढे अमली पदार्थ, शस्त्रे व स्फोटके शोधणारे यंत्र म्हणून शाळा आणि पोलीस दले यांना ते विकण्यात आले. किंमत सुमारे ४०० पासून ८,००० डॉलरपर्यंत होती. अमेरिकेच्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेने तपासणी केली असता त्यात कार्य करणारा कोणताही भाग आढळला नाही. १९९६ साली टेक्सासमधील संघराज्य न्यायालयाने त्याच्या विक्रीवर कायमची बंदी घातली. विक्रेत्यांवर फसवणुकीचा खटला चालला, परंतु १९९७ साली ते निर्दोष सुटले. साधन खोटे आहे हे सिद्ध करणे सोपे होते. विकणाऱ्याचा हेतू खोटा होता हे सिद्ध करणे कठीण गेले.

सोन्याकडून स्फोटकांकडे

गोल्फच्या चेंडूपर्यंत किंवा गुप्तधनापर्यंत हा प्रकार मर्यादित राहिला असता, तर हानी खरेदीदाराच्या खिशापुरती झाली असती. तसे झाले नाही. जेम्स मॅकॉर्मिक या ब्रिटिश व्यापाऱ्याने गोल्फचे चेंडू शोधणारी, २० डॉलरहून कमी किमतीची साधने अमेरिकेतून मागविली, त्यांवर आपले चिन्ह लावले आणि पुढे त्याच धर्तीवर 'एडीई ६५१' हे साधन तयार केले. स्फोटके, अमली पदार्थ, हस्तिदंत, चलनी नोटा यांपैकी हवे ते एक किलोमीटर अंतरावरून शोधता येते, असा त्याचा दावा होता. साधनात विजेचा घट नव्हता. धरणाऱ्याने चालून किंवा पाय घासून शरीरातील विजेने ते भारावयाचे, असे शिकविले जात असे. पदार्थ निवडण्यासाठी त्यात निरनिराळी पत्रे सरकवावी लागत. २०१० साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत अशा पत्र्याची तपासणी झाली, तेव्हा त्यात दुकानातील चोरी रोखण्यासाठी वस्तूंना लावतात त्या प्रकारच्या चकतीखेरीज काही आढळले नाही.

इराक सरकारने या साधनांवर आठ कोटी डॉलरच्या आसपास खर्च केला. एका साधनाची किंमत ४०,००० डॉलरपर्यंत गेली होती. बगदादच्या नाक्यांवर शिपाई ही काठी हातात धरून वाहनांजवळून चालत जात. काठी वळली नाही की वाहन पुढे सोडले जाई. २५ ऑक्टोबर २००९ रोजी बगदादमधील शासकीय इमारतींजवळ झालेल्या स्फोटांत १५५ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर काही दिवसांतच 'न्यूयॉर्क टाइम्स'ने या साधनाविषयी सविस्तर वृत्त प्रसिद्ध केले. त्या वेळी खरेदीशी संबंधित इराकी सेनाधिकाऱ्याने, हे जादू आहे की विज्ञान याच्याशी आपणास कर्तव्य नाही, अशा आशयाचे उत्तर दिले. जानेवारी २०१० मध्ये ब्रिटनने इराक व अफगाणिस्तानला होणाऱ्या निर्यातीवर बंदी घातली. मे २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयाने मॅकॉर्मिकला दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा ठोठावली. तरीही इराकमधील नाक्यांवर ही साधने वापरात राहिली. जुलै २०१६ मध्ये बगदादच्या कर्रादा भागात झालेल्या स्फोटात तीनशेहून अधिक बळी गेले, तेव्हा कोठे पंतप्रधान हैदर अल-अबादी यांनी ती काढून घेण्याचा आदेश दिला.

थायलंडचा अनुभवही असाच आहे. तेथील सैन्य व अन्य विभागांनी 'जीटी २००' नावाचे याच जातीचे साधन खरेदी केले होते. फेब्रुवारी २०१० मध्ये शासनाने त्याची चाचणी घेतली. चार पेट्यांपैकी एकीत स्फोटक ठेवून वीस वेळा प्रयोग केला, तेव्हा चार वेळा उत्तर बरोबर आले. केवळ अंदाजाने सांगितले असते तरी सरासरी पाच वेळा उत्तर बरोबर आले असते. कोंदेच्या राजपुत्राच्या बागेतील परीक्षा आणि ही परीक्षा यांत तत्त्वतः काही भेद नाही. भेद इतकाच की, राजपुत्राने परीक्षा आधी घेतली. आधुनिक शासनांनी खरेदी आधी केली.

दौंडिया खेडा : एक भारतीय प्रसंग

विज्ञानाची साधने आणि गुप्तधनाची आशा यांची गाठ भारतातही पडली. येथे काठी नव्हती आणि साधनेही बनावट नव्हती. म्हणूनच हा प्रसंग अधिक विचार करण्याजोगा आहे. २०१३ साली उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यातील दौंडिया खेडा येथे, १८५७ च्या उठावात सहभागी झालेल्या राव रामबक्ष सिंह यांच्या पडक्या किल्ल्याखाली एक हजार टन सोने पुरलेले आहे, असा दृष्टान्त झाल्याचे शोभन सरकार या साधूने सांगितले. त्या वर्षी भारतीय रिझर्व्ह बँकेजवळील सुवर्णसाठा सुमारे ५५७ टन होता. म्हणजे एका लहान किल्ल्याखाली देशाच्या अधिकृत साठ्याच्या जवळजवळ दुप्पट सोने अपेक्षिले गेले होते.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने तेथे उपकरणांद्वारे पाहणी केली. जमिनीखाली काही मीटर खोलीवर अचुंबकीय स्वरूपाची विसंगती आढळते, असे नोंदवून ती सोने, चांदी यांसारख्या धातूंची असू शकते, अशी शक्यता व्यक्त करण्यात आली. १८ ऑक्टोबर २०१३ रोजी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने उत्खननास प्रारंभ केला. महिनाभराच्या खोदकामात भिंतींचे अवशेष, मृद्भांड्यांचे तुकडे अशा पुरातत्त्वीय वस्तू मिळाल्या; सोने मिळाले नाही. उपकरणाने खोटे सांगितले नव्हते. जमिनीत काहीतरी वेगळे आहे, एवढेच ते सांगत होते. अशी विसंगती भिंत, पोकळी, ओलावा यांपैकी कशामुळेही उद्भवू शकते. त्या संदिग्ध आकड्यांत 'सोने' हा शब्द दृष्टान्ताने घातला. गारफील्ड यांच्या डॉक्टरांनी यंत्राला एकच बाजू दाखविली. येथे यंत्राच्या उत्तराला एकच अर्थ देण्यात आला.

महाराष्ट्राच्या संदर्भात या विषयाला आणखी एक गंभीर बाजू आहे. गुप्तधनासाठी अघोरी कृत्ये, प्रसंगी नरबळी, हे येथील कटू वास्तव असल्यामुळेच २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत मौल्यवान वस्तू, गुप्तधन व जलस्रोत यांच्या शोधासाठी केलेल्या अमानुष कृत्यांचा स्पष्ट उल्लेख करावा लागला. या कायद्याचा वटहुकूम त्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर काही दिवसांतच निघाला. पायाळूचे अंजन कायद्याच्या व समाजाच्या नजरेस लगेच पडते. पेटी, तार आणि आकडे असलेल्या साधनाविषयी मात्र सुशिक्षित मनही सहसा शंका घेत नाही.

समारोप

उपर्युक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, शोधकाठी ही विज्ञानाच्या आगमनाने नष्ट झालेली जुनी समजूत नव्हे. गूढ नाते, सूक्ष्म कण, वीज, कंपनसंख्या अशी प्रत्येक युगातील प्रतिष्ठित परिभाषा स्वीकारीत ती टिकून राहिली. विद्युत पेटी हे तिचे अलीकडचे वस्त्र होय.

दुसरा निष्कर्ष असा की, खरे यंत्र आणि बनावट यंत्र यांतील सीमारेषा वीज, आकडे किंवा किंमत यांवरून आखता येत नाही. धरणाऱ्याच्या अपेक्षेला वळसा घालून उत्तर देते ते यंत्र. अपेक्षेतूनच उत्तर घडविते ती काठी. धातुशोधक यंत्र आपल्या मर्यादा सांगते, चुकते आणि चुकल्याचे कळू देते. काठीचे अपयश मात्र नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी माथी मारले जाते : धरणाऱ्याच्या गुणावर, वाऱ्यावादळावर किंवा अपुऱ्या प्रशिक्षणावर.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष संस्थांविषयीचा आहे. काठी पारखण्याची रीत अवघड नव्हती. काय कोठे पुरले आहे हे धरणाऱ्यास कळू द्यावयाचे नाही, एवढेच तिचे सूत्र आहे. सतराव्या शतकात एका बागेत काही खड्डे खणून ती अमलात आली होती. या परीक्षेला न खर्च लागतो, न विशेष विद्वत्ता. बगदादच्या नाक्यांवरील माणसे या ज्ञानाच्या अभावी मेली नाहीत. ते ज्ञान उपलब्ध असताना खरेदीच्या कागदावर सही करण्यापूर्वी ते वापरण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही, म्हणून मेली. पुरलेल्या सोन्याच्या मोहाचा हा इतिहास अखेरीस सोन्यापेक्षा परीक्षेविषयी अधिक सांगतो. कोणतेही साधन स्वीकारण्यापूर्वी ते उघडून पाहण्याचा आणि चुकीचे ठरविण्याचा प्रयत्न करण्याची सवय विद्यार्थ्यांत आणि संस्थांत रुजविणे, हे शिक्षणाचे कार्य आहे. विज्ञानाच्या तासाइतकेच ते इतिहासाच्या तासालाही करता येते.